दिवा आणि वही



पावसाळ्यात आमच्या धाकट्याला जुलाब लागले. आशाताईंनी जलसंजीवनीच्या पुड्या दिल्या. दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन परत आल्या आणि पोर कसं आहे ते विचारू लागल्या. आजी वैतागली. बरं आहे, असं सांगून तिनं त्यांना वाटेला लावलं. पण तो बरा नव्हता. मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो. पुढे शाळेच्या पुस्तकपेटीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं चरित्र वाचलं, तेव्हा माझी चूक मला कळली.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. घर इंग्रज आणि श्रीमंत. लहानपणापासून गणिताची भारी गोडी. परिचारिका होणे घरच्यांना पसंत नव्हते, पण त्यांनी हट्ट सोडला नाही.

क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, त्या ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात गेल्या. रात्री दिवा घेऊन त्या एकेका रुग्णाजवळ जात. हे आपण सर्वांनी ऐकले आहे. पण त्यांच्या हाती वहीही होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्या युद्धात जानेवारी १८५५ या एकाच महिन्यात २७६१ ब्रिटिश सैनिक साथीच्या रोगांनी दगावले, जखमांनी फक्त ८३! मार्चमध्ये सरकारी पथक आले. त्याने तुंबलेली गटारे साफ केली, घाण उपसली, वारा खेळता केला. मग मृत्यू झपाट्याने कमी झाले.

युद्धानंतर त्यांनी सगळे आकडे मांडले. सर्वांत जास्त माणसे स्कुटारीलाच, म्हणजे त्या स्वतः राबल्या त्याच दवाखान्यात मेली होती. किती वाईट वाटले असेल! पण त्यांनी ते झाकून ठेवले नाही. १८५८ मध्ये रंगीत आकृत्या काढून दाखवले. निळा रंग टाळता येणाऱ्या रोगांचा, लाल जखमांचा. निळा केवढा मोठा आणि लाल केवढासा!

१८६० मध्ये त्यांनी सर्व दवाखान्यांसाठी एकसारखा तक्ता सुचवला. किती आले, किती बरे झाले, किती दगावले, किती दिवस राहिले, हे सर्वांनी सारखेच लिहावे. त्याच वर्षी लंडनला परिचारिकांची शाळा काढली. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या वारल्या.

किती पुड्या वाटल्या यावरून दवाखाना कळत नाही. किती माणसे बरी झाली यावरून कळतो. आणि त्यासाठी वहीत खरे तेच लिहिले गेले पाहिजे.

आशाताई तिसऱ्या दिवशीही आल्या. पोराचे डोळे खोल गेलेले पाहून त्यांनी त्याला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, म्हणून तो वाचला. आता वहीत त्याच्या नावापुढे बरा असं लिहिलंय, अन् ते खरं आहे.

पालकहो, वही घेऊन ताई दारात आल्या तर खरं ते सांगा. मी आता सांगतो.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी