दिवसा दिवा विझवणारे गुस्ताफ डालेन
स्टँडबायवरचा टीव्ही किती वीज खातो हे वाचता वाचता मी स्वीडनच्या गुस्ताफ डालेन (१८६९–१९३७) यांच्यापर्यंत पोहोचलो. १९०७ मध्ये त्यांनी दीपगृहांसाठी एक झडप बनवली. त्यातला काळा दांडा उजेड शोषून तापायचा, किंचित लांबायचा आणि दिव्याचा गॅस बंद व्हायचा. अंधार पडला की परत सुरू. ना वीज, ना चिप!

१९१२ मध्ये ॲसिटिलीनच्या स्फोटात त्यांचे डोळे गेले. त्याच वर्षी फिजिक्सचं नोबेल मिळालं, ते घ्यायला भाऊ गेला. दिसत नसतानाही त्यांनी कंपनी चालवली आणि १९२२ मध्ये 'आगा' ही शेगडी आणली. आत ओतीव लोखंड, भोवती इन्सुलेशन. साठवलेल्या उष्णतेवर स्वयंपाक. तेव्हाच्या कोळशाच्या चुलींपेक्षा ती खरंच काटकसरी होती.

पण ती चोवीस तास पेटलेली. आपलं इंडक्शन थेट भांडंच तापवतं आणि काम झालं की बंद. जुनी आगा मात्र सगळे झोपले तरी इंधन खाते. थंडीत घर तरी उबदार राहतं, उन्हाळ्यात ती उष्णता निव्वळ वाया. दिवसा दिवा विझवणाऱ्या माणसाकडून हे यावं, याचं मला अजून नवल वाटतं. आताच्या इलेक्ट्रिक आगा हव्या तेव्हा बंद करता येतात.