वसईचे संत गोन्सालो गार्सिया

संकटकाळी आनंदी राहावे हे सांगणे सोपे, आचरणे कठीण. ज्यांनी ते आचरून दाखविले, त्यांचे चरित्र या ज्युबिलीप्रसंगी आम्ही थोडक्यात सादर करीत आहो.

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईस झाला. येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेत वाढून ते जपानात गेले. व्यापारात त्यांनी धन मिळविले. पुढे ते सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३ साली दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानात आले. पुढे सत्ताधीश हिदेयोशीच्या हुकुमाने धरलेल्या ख्रिस्तभक्तांत तेही होते. कान कापून, भर हिवाळ्यात त्यांस नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. तरी ते स्तोत्रे गातच गेले. त्यांतील बारा वर्षांच्या लुईस इबाराकीने, आपला क्रूस कोणता, हे हर्षाने विचारून घेतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जण क्रूसावर भाल्यांनी मारले गेले. १८६२ साली ते संतपदास चढले.

पाऊस दगा देतो तेव्हा आम्हां पिशोरकरांचे चेहरे उतरतात, हे स्वाभाविकच आहे. परंतु गोन्सालोंचा आनंद सुकाळावर अवलंबून नव्हता. तो विश्वासातून उगवला होता. तो आपणांसही लाभो, हीच आमची प्रार्थना.