√२ आणि √८ यांची बेरीज किती? उत्तर भास्कराचार्यांकडे

√१० नाही, √१८! शाळेत हमखास चुकणारं हे गणित भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात आहे. १११४ साली जन्मलेले भास्कराचार्य वडील महेश्वर यांच्याकडेच शिकले आणि ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. ‘बीजगणित’ त्याचाच भाग. (फिरते मात्र लीलावतीच्या लग्नाची दंतकथाच.) अज्ञात संख्यांना ते काळा, निळा अशी रंगांची नावं देत आणि पूर्ण न निघणाऱ्या वर्गमुळाला करणी म्हणत. २ × ८ = १६ हा पूर्ण वर्ग, म्हणून या करणी एकत्र होतात: √८ म्हणजे २√२, बेरीज ३√२, म्हणजेच √१८. ३ × ७ = २१ पूर्ण वर्ग नाही, म्हणून √३ आणि √७ वेगळेच ठेवायचे. नातू चंगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला. पुढे १९३० मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमाने ‘बीजगणित’ टीकेसह छापलं.