मज्जातंतूंचा माग काढणारे डॉ. खानोलकर



डॉक्टर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दवाखाना आणि दाराशी बसलेले रोगी उभे राहतात. परंतु औषधाची एक बाटलीही न देता रोग्यांवर उपकार करणारे डॉक्टर असतात. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्यांपैकी एक होत.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे झाला. १९२३ साली लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी त्यांनी विकृतिशास्त्रात, म्हणजे रोगाने शरीरात काय बिघडते ते पाहणाऱ्या शास्त्रात, मिळविली. मुंबईस परतल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेज व सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज येथे त्यांनी अध्यापन केले. १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळा त्यांनी उभी केली.

आता त्यांच्या संशोधनाकडे वळू. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ साली शोधला होता. परंतु चट्टा बधिर का होतो, बोटे वाकडी का होतात? खानोलकरांनी अगदी नवख्या चट्ट्यांतील कातडीचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. हे जंतू कातडीतील मज्जातंतूंच्या सूक्ष्म टोकांत शिरतात आणि तंतूंच्या वाटेने वर सरकतात, असे त्यांनी मांडले. १९५१ साली त्यांचा हा अभ्यास भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. पुढील संशोधकांनी मज्जातंतूंना लपेटून असणाऱ्या श्वान पेशी हे या जंतूंचे मुख्य घर असल्याचे दाखविले. म्हणजे बोटे झडण्याचे मूळ पापात वा शापात नव्हते, ते बिघडलेल्या मज्जातंतूत होते. वेदना कळेनाशी झाली की चटका व जखमही कळत नाही, आणि हात निकामी होतो.

कर्करोगाबाबतही त्यांनी असाच शोध घेतला. १९४५ साली सूर्याबाई यांच्यासह त्यांनी अमेरिकेतील एका नियतकालिकात निबंध लिहिला. कमरेला घट्ट धोतर नेसणे, ओठात तंबाखू-चुना धरणे आणि जळते टोक तोंडात ठेवून चिरूट ओढणे, या तीन सवयींशी तीन प्रकारच्या कर्करोगांचा संबंध त्यात दाखविला होता. पुढे १९८५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक ठरविला. कागदावरचा निबंध माणसाचे प्राण कसा वाचवू शकतो, ते यावरून ध्यानी घ्यावे.

मानसन्मान त्यांना पुष्कळ लाभले. १९५० ते ५४ या काळात ते आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाचे अध्यक्ष होते. १९५५ साली पद्मभूषण मिळाले. १९६० ते ६३ पर्यंत ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांनी १९४९ साली पीएच. डी. मिळविली आणि पुढे कर्करोग व कुष्ठरोग या दोन्ही क्षेत्रांत नाव कमाविले. मुलीच्या शिक्षणाचा विचार दहावीपाशी थांबविणाऱ्या पालकांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. खानोलकर १९७८ साली निवर्तले.

वाचकहो, हे चरित्र आपल्या सातारा-सांगलीपासून दूरचे नाही. आपल्या घरांतून अजूनही मिश्री लावली जाते, तंबाखू मळली जाते. मुले हे पाहतात आणि शिकतात. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु घराच्या उंबरठ्याआत कायदा कोण पाळणार? ते काम आपलेच आहे.

तसेच अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध विनामूल्य मिळते. मिरजेस तर रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयच आहे. वेळीच उपचार घेतले तर रोग पूर्ण बरा होतो आणि हातपायही शाबूत राहतात. २०१९ च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून रद्द झाले, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाह-विच्छेद कायद्यातूनही ते वगळले गेले. कायद्याने जे पुसले, ते आपण मनात का जपावे?

विद्यार्थी मित्रहो, विज्ञानाच्या तासाला सूक्ष्मदर्शकाची काच डोळ्याला लावाल, तेव्हा घाई करू नका. नीट पाहा, दिसेल तेच वहीत लिहा आणि का असे झाले, हे विचारा. खानोलकरांनी जन्मभर एवढेच केले.