जेम्स प्रिन्सेप : नाण्यांना बोलतं करणारा टांकसाळीतला माणूस

आजोबांच्या पेटीत एखादं जुनं नाणं सापडलं तर ते जरा तळहातावर ठेवून बघा. चेहरा झिजलेला, अक्षरं अर्धीमुर्धी. हे नाणं कोणाचं? कधीचं? आणि मुख्य म्हणजे खरं का? जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात एका माणसाच्या टेबलावर हेच प्रश्न ढिगाने येऊन पडायचे. त्याचं नाव जेम्स प्रिन्सेप.

त्याचा जन्म २० ऑगस्ट १७९९ चा. व्हायचं होतं वास्तुविशारद, पण डोळ्यांनी दगा दिला. मग तो धातूचा कस पारखायला शिकला आणि १८१९ मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीत आला. पुढची दहा वर्षं बनारसच्या टांकसाळीत गेली. तिथे त्याने शहराचा नकाशा केला, सांडपाण्यासाठी भुयार बांधलं, औरंगजेबाच्या मशिदीचे कलते मिनार सावरले. १८३२ मध्ये तो कलकत्ता टांकसाळीचा मुख्य कसपरीक्षक आणि एशियाटिक सोसायटीचा चिटणीस झाला. इथून आपली खरी गोष्ट सुरू होते.

त्या काळी अफगाणिस्तान आणि पंजाबात जुनी ग्रीक नाणी सापडू लागली होती. सिकंदरानंतर बॅक्ट्रियात आणि पुढे पंजाबपर्यंत ग्रीक राजे राज्य करत होते, त्यांची ही नाणी. कंपनीच्या फौजेतून पळालेला चार्ल्स मॅसन नावाचा इंग्रज तिकडे हजारो नाणी गोळा करत होता. रणजितसिंहाचे युरोपीय सेनानी व्हेंतुरा आणि कोर्ट स्तूप उकरत होते. त्यांच्याकडची नाणी, चित्रं, वर्णनं प्रिन्सेपकडे यायची.

आता पारख कशी करतात ते बघू. ग्रीक आणि रोमन नाणी बहुतेक ठसा मारून पाडलेली असत. म्हणजे धातूची चकती दोन ठशांमध्ये ठेवायची आणि वरून हातोडा. अशा नाण्यावर अक्षरांच्या कडा तीक्ष्ण येतात, दाबाने काठाला कधी चीरही जाते. नकली नाणं बरेचदा खऱ्याचा साचा घेऊन ओतलेलं असतं. मग अक्षरं बोथट दिसतात, पृष्ठावर बुडबुड्यांची बारीक भोकं राहतात, काठावर जोडाची रेघ सापडते. वजनही बघावं लागतं. पण नुसत्या वजनावर जाऊ नका हं, झिजलेलं खरं नाणं हलकं भरतंच! धातू, वजन आणि कस हे तर प्रिन्सेपचं रोजचंच काम. नाण्यांची चित्रंही तो स्वतः काढायचा, आणि चित्र काढताना डोळ्याला जे दिसतं ते नुसतं पाहून दिसत नाही.

ओळख पटली की नाणं काळ सांगतं. माणिक्यालाच्या एका स्तूपात कोर्टला कुषाण नाण्यांबरोबर रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरची चांदीची नाणी मिळाली. म्हणजे तो स्तूप त्याआधीचा असूच शकत नाही!

सर्वांत मोठा खजिना मात्र द्विभाषिक नाण्यांत होता. एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला उजवीकडून डावीकडे लिहिलेली अनोळखी लिपी, म्हणजे आजची खरोष्ठी. मॅसनच्या लक्षात आलं की ठरावीक ग्रीक नावासमोर ठरावीक अक्षरंच येतात. मिनँडर, अपोलोडोटस ही नावं धरून प्रिन्सेप अक्षरं लावत गेला. भाषा मात्र त्याने आधी इराणी वळणाची मानली, त्यामुळे बरीच अक्षरं चुकली. ती प्राकृत आहे हे १८३८ मध्ये कळल्यावर त्याने आधीचं मोडून पुन्हा मांडलं. मला त्याचा हा भाग सगळ्यात आवडतो.

ब्राह्मीचं कोडं १८३७ मध्ये सुटलं. सांचीच्या छोट्या लेखांचा शेवट सारखाच होता. ही दानाची नोंद असणार, शब्द ‘दानं’ असणार, हे त्याने ताडलं. तिथून अशोकाचे लेख वाचता आले आणि त्यांत ग्रीक राजांची नावं निघाली. त्यामुळे अशोकाचा काळ पक्का झाला.

आपल्याकडचा एक दुवाही सांगतो. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांवर ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी तिन्ही लिप्या आहेत आणि बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. ती वाचता आली ती याच किल्ल्यांमुळे.

पण या कामाने माणूस पिळून निघाला. दिवसा टांकसाळ, उरलेल्या वेळात नाणी, लेख, जगभरचा पत्रव्यवहार. १८३८ मध्ये डोकेदुखी बळावली, त्याला इंग्लंडला न्यावं लागलं. बुद्धी पुन्हा ताळ्यावर आली नाही. २२ एप्रिल १८४० ला लंडनमध्ये तो वारला, वय अवघं ४०. खरोष्ठीची उरलेली अक्षरं लासेन, नॉरिस आणि कनिंगहॅम यांनी लावली. यातला कनिंगहॅम म्हणजे प्रिन्सेपच्या सहवासात नाणी पाहायला शिकलेला तरुण लष्करी अभियंता, जो १८६१ मध्ये भारताचा पहिला पुरातत्त्व सर्वेक्षक झाला.