'स्टुडंट' नावाचा माणूस

'स्टुडंट्स टी-टेस्ट' हे नाव वाचून मला वाटायचं, आपल्यासारख्या पोरांसाठी सोपी केलेली टेस्ट असेल! पण 'स्टुडंट' हे एका माणसाचं टोपणनाव आहे.

विल्यम गॉसेट यांचा जन्म १८७६ चा, इंग्लंडमधल्या कॅन्टरबरीचा. ऑक्सफर्डला केमिस्ट्री आणि गणित शिकून १८९९ मध्ये ते डब्लिनच्या गिनेस कंपनीत लागले. कंपनी बिअरची. बार्लीची कुठली जात चांगली हे ठरवायचं, पण हाताशी आकडे मोजकेच. तेव्हाचं स्टॅटिस्टिक्स मोठ्या सॅम्पलवर चालायचं. मग गॉसेटनी ३,००० कैद्यांची मापं कार्डांवर लिहिली, पत्त्यांसारखी पिसली, चार-चारचे ७५० गट पाडले आणि आपलं गणित पडताळलं. १९०८ मध्ये पेपर छापला, पण कंपनी स्वतःचं नाव देऊ देईना. म्हणून 'स्टुडंट'!

दोन जातींत फरकच नाही असं धरलं, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. नवी जात सरस ठरेल की कमी, हे आधी ठाऊक नसेल तर दोन्ही बाजू मोजायच्या. तीच टू-साइडेड टेस्ट. मोठ्या सॅम्पलला ५ टक्क्यांसाठी १.९६ ची हद्द पुरते. चारच रीडिंग असतील तर ३.१८ ओलांडावं लागतं!

गॉसेट १९३७ मध्ये वारले, शेवटपर्यंत गिनेसमध्येच. आकडे पाहून सोयीची बाजू निवडली की पी-व्हॅल्यू निम्मी होते, पण ती स्वतःचीच फसवणूक. मित्रांनो, चार रीडिंगवर जर्नलमध्ये निष्कर्ष ठोकताना या 'स्टुडंट'ला आठवा.