पाळवणकर बाळू : माझे स्फूर्तिस्थान

बोरगावात आमच्या समाजाची घरे मोजकीच. घरचा धंदा चपला शिवण्याचा. लहानपणी मी गल्लीतल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळे. माझ्या हातचा चेंडू सर्वांना चाले. पण खेळ संपला की एका घरी मला पाणी ओंजळीत, वरून ओतून मिळे. मला राग येत नसे, लाज वाटे. कोणी आडनाव विचारले की मी विषय बदलीत असे. हा भित्रेपणा घालवला तो पाळवणकर बाळू यांच्या चरित्राने.

बाळू चर्मकार समाजातले. त्यांचा जन्म धारवाडचा. वडिलांच्या लष्करी नोकरीमुळे बालपण पुण्यात गेले. तेथे पारशी क्लबचे मैदान झाडणे व खेळपट्टीवर रोलर फिरवणे हे त्यांचे काम. पगार महिना 3 रुपये. पुढे इंग्रजांच्या क्लबात 4 रुपये मिळू लागले. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही.

इंग्रजांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने विरोध बाजूस सारून बाळूंना घेतले. मैदानावर चेंडू सर्वांचा एकच. पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा! हे वाचले आणि मला माझी ओंजळ आठवली. अपमान सोसणारा एवढा मोठा असेल, तर लाज त्याची कशी? ती भांडे वेगळे ठेवणाऱ्याची.

1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. 1920 साली शिवराम व विठ्ठल या धाकट्या बंधूंनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले आणि 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. नुसत्या गुणांनी दार उघडत नाही, ते ठोठवावेही लागते, हे मला येथे समजले.

1937 च्या निवडणुकीत बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व हरले. हे मला आजही खटकते. पण दैवत म्हणून नव्हे, माणूस म्हणूनच ते मला जवळचे वाटतात. 1955 साली त्यांचे निधन झाले.

मी हे माझ्या कन्नड मित्राला सांगितले, तेव्हा तो अभिमानाने म्हणाला, बाळू तर आमच्या धारवाडचे! मी म्हटले, आपल्या दोघांचे. यंदा कॉलेजच्या संघनिवडीच्या यादीत मी माझे नाव लिहिले, आडनावासकट, स्वच्छ अक्षरात.